एका डब्यातल्या मैत्रिणी

॥ श्री ॥

अकोला,
४ एप्रिल १९६०

प्रिय लली,

तुझा शेवटचा पेपर गुरुवारी आहे ना? मग शुक्रवारी लगेच बाळापूरला पळू नकोस. मी शनिवारी येते आहे. दादा मला आत्याकडे पोचवून त्याच पावली परत फिरणार, म्हणजे शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत मी तुझी.

तीन वर्षं झाली, तुझं एक पत्र अमरावतीशिवाय येत नाही. आमची लायब्ररी, आमचं कॉलेज, आमचं वसतिगृह. इकडे मी मॅट्रिकनंतर काय शिकले, तर मोत्याचं तोरण करायला. बाबा म्हणतात, वकिलाच्या मुलीला कुठे नोकरी करायची आहे. गेल्या मार्गशीर्षापासून तीनदा पोह्यांच्या बशा घेऊन परक्या लोकांपुढे जाऊन आले. तिसऱ्यांनी तर मला चालून दाखवायला सांगितलं आणि मग कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही. हे कोणाला सांगू नको.

तेव्हा एकदा तुझं शहर मला दाखव. तू म्हणशील तिथे येईन, फक्त शनिवारी संध्याकाळी वडाळीच्या तलावावर जायचं, ते नक्की धर. आणि येताना डबा आण. तुमच्या वसतिगृहात असेल ते चालेल, पण पोळी नको, भाकरच आण.

अजून दोन गोष्टी सांगते, रागावू नकोस. निळ्या काठाचं पांढरं पातळ आहे ना तुझं, विटलेलं, ते नेस. दिवाळीतलं लाल नको. आणि बोलताना तू अलीकडे फार पुस्तकी बोलतेस. तुमच्या घरी बोलतात तसं बोललीस तरी मला चालेल. उलट मला तेच आवडतं.

मुक्काम अंबापेठेत गोदाआत्याकडे. तुला तिथे बोलावता यायचं नाही. का ते तुला सांगायला नको, तू समजूतदार आहेस.

तुझी,
तारा

*

अमरावती,
६ एप्रिल १९६०

प्रिय तारा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतिहासाचं पुस्तक पुढे घेऊन बसले होते. नंतर एक ओळ डोक्यात गेली नाही. उद्या पेपर बिघडला तर तुझ्यामुळे.

माझं बोलणं पुस्तकी झालं म्हणतेस. शाळेत मी 'मले' म्हटलं की तूच हातावर चापट मारायचीस आणि 'मला' म्हण म्हणायचीस. आता शिकले तर परत मागे जा म्हणतेस. बरं, तुझ्यासाठी तेही करीन. पांढरं पातळ धुऊन वाळत टाकलं आहे. लालच नेसणार होते, कारण ते एकच नवं आहे. पण पाहुणीची मर्जी.

काय काय दाखवायचं ते मी मनाशी ठरवलं आहे. आधी आमचं कॉलेज. शनिवारी सुट्टी लागलेली असेल, पण पहारेकरी खुशालराव माझ्या ओळखीचे आहेत, ते हॉल उघडून देतील. वाचनालयात खिडकीजवळ माझी एक खुर्ची आहे. माझी म्हणजे, मी रोज तिथे बसते आणि आजवर मला तिथून कोणी उठवलेलं नाही. ते तुला मुद्दाम दाखवायचं आहे. मग जवाहर गेट, मग राजकमल चौकात उसाचा रस. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मालटेकडी. वरून सगळं गाव दिसतं.

तुला एक सांगू? मामाकडे राहून अकोल्याला शिकत होते तेव्हा शाळा सुटल्यावर आपण तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर यायचो. कोपऱ्यावर आलं की तू म्हणायचीस, "जा आता." मी जायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण कोपऱ्यापर्यंत तू माझा हात धरलेला असायचा. पण अमरावतीत असा कोपरा नाही, तारा. इथे आपण कुठूनही कुठेही जाऊ.

आईला कळवलं आहे की दोन दिवस उशिरा येते. ती कुरकुरेल. शनिवारी तीनला राजकमल चौकात उभी राहते.

तुझी,
ललिता

*

बाळापूर,
१२ एप्रिल १९६०

प्रिय तारा,

काल दुपारी घरी पोचले. उशीर का झाला ते आईला सांगितलं. तिने विचारलं, "मैत्रिणीले उमरावती दाखोली म्हन्तेस. मंग तिनं तुले काय दाखोलं?" मी हसले. आईचं असंच असतं.

मी अजून त्या दोन दिवसांतच आहे. थोडं लिहून काढते. काही गोष्टी मला नीट कळल्या नाहीत, आणि लिहिल्या की मला कळतात.

खुशालरावांनी हॉल उघडला तेव्हा तू दारातूनच "छान आहे" म्हणालीस. वाचनालयातली खुर्ची दाखवली तर तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंस. जवाहर गेटपाशी तुला धूळ लागली. रस अर्धा टाकलास. मला वाटलं उन्हाने दमलीस. मग टांगेवाल्याला वडाळीला चल म्हटलं आणि तुझा चेहरा एकदम ताजा झाला. वाटेत टांग्यात बसून तू वेणीत फुलं माळलीस.

तलावाच्या काठाला झाडाखाली ते गृहस्थ आधीच येऊन बसले होते. तू म्हणालीस, "अय्या, तुम्ही इकडे कुठे?" पण ते उठून उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कमलाकांत दर्यापूरकर, दुसऱ्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात, आत्याच्या ओळखीचे, असं तू मला सांगितलंस. आणि त्यांना माझ्याविषयी सांगितलंस, "ही ललिता शिरसाट. बौद्ध आहे, छप्पन साली यांच्या घरच्यांनी दीक्षा घेतली. आम्ही शाळेपासून एका डब्यात जेवतो." इतक्या मोठ्याने की पलीकडे शेंगा खात बसलेली माणसं वळून बघायला लागली.

तारा, आपण कधी एका डब्यात जेवलो नाही. शाळेत तू त्या चौघींबरोबर कडुनिंबाखाली बसायचीस आणि मी पाण्याच्या टाकीजवळ. पण मी बोलले नाही. मला वाटलं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं असं तुला आता वाटतं आहे, म्हणून तू ते झालंच असं सांगते आहेस. खरं सांगते, मला ते खोटं आवडलं.

मग तू माझा डबा ओढून घेतलास. माझ्या भाकरीचा तुकडा मोडलास, माझ्या ठेच्यात बुडवलास आणि डोळे मिटून तोंडात घातलास. ठेचा तिखट होता, म्हणून मिटले असशील. मला रडू आलं. तू तुझ्या पदराने माझे डोळे पुसलेस. पुसताना तू माझ्याकडे बघत नव्हतीस, त्यांच्याकडे बघत होतीस. पण पदर तुझा होता, तेवढं मला पुष्कळ झालं.

त्यांनी मला बरंच विचारलं. वडील काय करतात, शिष्यवृत्ती किती वर्षं मिळते, घरी कोण कोण आहे. मी सांगितलं, वडील तहसिलीत शिपाई आहेत, बी. टी. करून मला शिक्षिका व्हायचं आहे. ते तुला पुरेसं वाटलं नसावं. तू म्हणालीस, "ललिता, ती विहिरीची गोष्ट सांग ना."

ती गोष्ट मी आयुष्यात एकदाच सांगितली होती, तुला, मॅट्रिकच्या वर्षी, आणि कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. तरी सांगितली. आम्ही बाळापूरला यायच्या आधी गावात राहायचो तेव्हाची. धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, आई घागर घेऊन विहिरीच्या कडेला बसलेली, कोणी तिच्या घागरीत पाणी घालेना. शेवटी तिने स्वतः दोराला हात घातला, आणि मग तिथल्या लोकांनी तिला धरलं. इथवर आले आणि मी डब्याचं झाकण लावू लागले. मला पुढचं नको होतं. तर तू म्हणालीस, "मनगटाचं राहिलं."

मग मी मनगटाचंही सांगितलं. त्यांनी ते पिरगाळलं, ते अजून वाकडं आहे. आणि भाऊ त्याच आठवड्यात गेला. दर्यापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. तू खूश दिसलीस. म्हणजे मला तसं वाटलं, मी चुकत असेन.

रविवारी मालटेकडीवर आपण दोघीच होतो आणि तू सबंध वेळ गप्प होतीस. फोटो काढायला गेलो तिथे मात्र ते पुन्हा आले. माझ्या खांद्यावर हात टाकून तू उभी राहिलीस. तो फोटो मला हवा आहे, एक प्रत पाठव.

आत्याच्या घराचं लिहू का नको असं झालं आहे. फोटोला जाण्याआधी "पाच मिनिटांत आले" म्हणून तू आत गेलीस. मी फाटकाबाहेर उभी राहिले. सावली नव्हती. बऱ्याच वेळाने तुमच्या आत्याकडची मोलकरीण मैनाबाई तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "ओंजळ कर." वरून पाणी ओतलं. मी प्याले, कारण घसा कोरडा पडला होता. तू पातळ बदलून बाहेर आलीस, माझी ओली कोपरं बघितलीस आणि म्हणालीस, "हे त्यांना सांगू नकोस हं." मी विचारलं, "कोणाला?" तू टांगेवाल्याला हाक मारलीस.

कोणाला, तारा?

तुझी,
ललिता

*

॥ श्री ॥

अकोला,
२ मे १९६०

प्रिय लली,

बातमी ऐक. माझं लग्न ठरलं. कोणाशी ते तू ओळखलं असशील, तू हुशार आहेस.

आता सगळं सांगायला हरकत नाही. त्यांनी मध्यस्थांना आधीच बजावलं होतं की पोह्यांचा कार्यक्रम नको, मुलीला तिच्या मैत्रिणींत, मोकळ्यावर बघीन. आणि जात मानणारी मुलगी असेल तर नुसतं बघायलाही येणार नाही. बाबा हताश झाले. म्हणाले, असलं विक्षिप्त स्थळ, पण कॉलेजातला प्राध्यापक, एकुलता एक, घर स्वतःचं. तेव्हा मला तू आठवलीस. बाबांना आधी पटेना, मग पटलं. म्हणून तो सगळा घाट. तुला आधी सांगितलं असतं तर तू ताठून बसली असतीस. तुझ्या मोकळेपणानेच काम झालं. विहिरीची गोष्ट ऐकताना त्यांचे डोळे भरून आले ना, तेव्हाच मी मनात म्हटलं, जमलं. तुझे उपकार मी विसरणार नाही.

त्या भाकरीनंतर आत्याने मला आल्या आल्या अंघोळ घातली, पण ते जाऊ दे. तू ते हसण्यावारी नेशील.

एकोणीस तारखेला लग्न आहे, इथेच, अकोल्याला. आता तुला नाजूक गोष्ट सांगायची आहे. मांडवात पुण्याची माणसं असतील, आत्या असेल, उपाध्ये असतील. पंक्तीत तुला कुठे बसवायचं हा प्रश्न येईल, आणि तुझा अपमान झालेला मला खपणार नाही. पण हे तुझी चौकशी करणार. पहिलं आमंत्रण ललिताबाईंना गेलं पाहिजे असं त्यांनी दोनदा लिहिलं आहे. तेव्हा तू मला असं एक पत्र पाठव, जे मी त्यांना दाखवू शकेन. तुझी आई फार आजारी आहे, अंथरुणाला खिळली आहे, म्हणून येता येत नाही, असं लिही. एका डब्याचा उल्लेख कर.

फोटोच्या तीनच प्रती निघाल्या. दोन त्यांच्याकडे आहेत.

लवकर लिही.

तुझी,
तारा

*

बाळापूर,
६ मे १९६०

तारा,

मागितलेलं पत्र दुसऱ्या कागदावर आहे. हा कागद फाडून टाक.

ललिता

प्रिय तारा हिला सप्रेम नमस्कार.

तुझ्या विवाहाची वार्ता वाचून अत्यंत आनंद झाला. शाळेत आपण एका डब्यात जेवलो, तेव्हा तुझ्या लग्नात मी पुढे असेन असं म्हणायचे. परंतु आईची प्रकृती फार बिघडली आहे. ती अंथरुणाला खिळून आहे आणि तिच्याजवळ माझ्याशिवाय कोणी नाही. मला येणं जमणार नाही याचं फार वाईट वाटतं. श्री. दर्यापूरकर यांना माझा नमस्कार सांगावा. उभयतांचा संसार सुखाचा होवो.

तुझी बालमैत्रीण,
ललिता शिरसाट

*

॥ श्री ॥

अमरावती,
२० एप्रिल १९६३

प्रिय लली,

तीन वर्षं तू एक ओळ लिहिली नाहीस. मीही लिहिलं नाही. अचलपूरच्या मुलींच्या शाळेत तू शिकवतेस हे ह्यांच्याकडून कळलं. ह्यांना तुझं सगळं ठाऊक असतं.

तुला माझ्याविषयी काही कळलं आहे का? पौषात मला मुलगा झाला. तो रडलाच नाही. सुईण त्याला कापडात गुंडाळून बाहेर घेऊन गेली आणि मला बघूही दिलं नाही. हे दोन दिवस खोलीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "सोमवारी माझं व्याख्यान आहे, कोट इस्त्रीला गेला का?" मी म्हटलं, गेला.

हे आता मोठे वक्ते झाले आहेत. नागपूर, वर्धा, खामगाव, सगळीकडून बोलावणी येतात. आपला तो फोटो त्यांच्या टेबलावर असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "आमच्या सौभाग्यवती आणि त्यांची बालमैत्रीण, एका डब्यात जेवलेल्या." गेल्या महिन्यात इथल्या सभेत त्यांनी तुझ्या आईच्या विहिरीची गोष्ट सांगितली. मनगटाशी आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मला घाम फुटला.

लली, मला सदा भीती वाटते. ते माझ्याशी बोलत नाहीत, पण माझा अपमानही करत नाहीत, आणि तेही फक्त त्या डब्यापायी. तेवढ्या एका गोष्टीसाठी ते मला मान देतात. ते खोटं होतं असं त्यांना उद्या कळलं तर माझ्याजवळ काही उरत नाही. मूल नाही, शिक्षण नाही, बाबाही गेल्या वर्षी गेले. त्यांना कधी सांगू नकोस. तुझ्या पाया पडते.

आणि तू ये. पुढच्या शनिवारी ये, रविवारी राहा. आता माझं घर आहे, मी तुला आत घेईन, माझ्याच ताटात वाढीन. मला कोणाशी तरी बोलायचं आहे. रविवारी दुपारी नागपूरचे काही पाहुणे ह्यांना भेटायला यायचे आहेत, तू तिथे थोडा वेळ बसलीस तर ह्यांनाही बरं वाटेल. पण त्यासाठी बोलावत नाही. खरंच नाही.

उत्तर आत्याच्या पत्त्यावर टाक. इथे आलेलं प्रत्येक पत्र हे आधी उघडतात.

तुझी,
तारा

*

अचलपूर,
२४ एप्रिल १९६३

तारा,

तुझा मुलगा गेला हे मला माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोराले एकडाव पाहू द्याव लागत होतं तिले." मलाही तसंच वाटतं. ती आता माझ्याजवळ राहते. तिची प्रकृती चांगली आहे. तेव्हाही चांगली होती.

त्यांना कधी सांगू नकोस म्हणालीस म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दर्यापूरकर बाळापूरला आमच्या घरी आले होते. अकोल्याला वऱ्हाड उतरवून, कोणाला न सांगता मोटारीने आले. हातात मोसंब्यांची पिशवी आणि ग्लुकोजचा डबा. आई अंगणात मिरच्या कुटत होती. त्यांनी विचारलं, "ललिताबाईंच्या मातोश्री आत आहेत का? कशा आहेत?"

आई म्हणाली, "मीच व्हय. काहून?"

ते म्हणाले, "आपण फार आजारी आहात असं कळलं."

"मले काय झालं बिमार व्हाले? सकाळपासून मिरच्या कुटून राहिली मी. कोनं सांगतलं तुमाले?"

मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला लपायला जागा नव्हती. आईने त्यांना बाज टाकून दिली, पाणी आणून दिलं. तोवर आजूबाजूची माणसं जमली होती. त्यांनी पेला वर उचलला, सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि एका दमात रिकामा केला. नंतर त्यांचं लक्ष आईच्या मनगटाकडे गेलं. ते बघत राहिले. आईने हात पदराखाली घेतला.

मला वाटलं होतं, आता हे लग्न मोडेल. मी घाबरले, तुझ्यासाठी. एवढी माया मला तेव्हा तुझी होती. मी त्यांना नदीकडच्या वाटेपर्यंत सोडायला गेले आणि वाटेत म्हणाले, "तारा वाईट नाही. तिला घरच्यांची भीती होती." ते थांबले आणि हसले.

म्हणाले, "ललिताबाई, मला वडाळीलाच कळलं होतं. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेलं माणूस घास घेताना डोळे मिटत नाही."

मी विचारलं, "मग लग्न का करता?"

ते म्हणाले, "घर चांगलं आहे. मुलगी दिसायला बरी आहे. जात न मानणारी मुलगी आमच्यात मिळायची कुठे? निदान हिने मानत नसल्याचं नाटक तरी केलं. आणि असं बघा, खोटं बोलून आलेली बायको जन्मभर सांभाळून असते. उलट बोलत नाही, काही मागत नाही. मला कळलं आहे हे तिला कळू देऊ नका. ती घाबरून राहील आणि नीट राहील. तुम्ही समजूतदार आहात."

तुम्ही दोघं माझ्यासाठी एकच शब्द वापरता.

ते गेल्यावर आई म्हणाली, "लय मोठा मानूस असंल माय, पन पानी पेला तं औषध पेल्यावानी पेला." मोसंबी तिने शेजारच्या लेकरांना वाटून टाकली.

म्हणजे तू तीन वर्षं ज्याला भीत आलीस ते घडून गेलेलं आहे. तुझ्या हळदीच्या दिवशीच घडून गेलं. तू ज्याला मान समजतेस तो मान नाही. मूल गेल्यावर तू 'कोट इस्त्रीला गेला' म्हणालीस ना, त्यांना तेच हवं होतं, आणि ते त्यांनी आमच्या बाळापूरच्या वाटेवर उभं राहून मला आधीच सांगितलं होतं.

मी तुला तेव्हा लगेच कळवू शकले असते. अकोला काही लांब नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, मांडवात उभ्या असलेल्या मुलीला हे सांगू नये. पुढे वाटलं, सांगून काय होणार. त्यानंतर मात्र मला तू भीत असशील याचं बरं वाटू लागलं. वर्गात मुलींना शिकवताना मधेच आठवायचं आणि बरं वाटायचं. आता तसंही वाटत नाही. आता फक्त माझ्या आईच्या मनगटावर लोक टाळ्या वाजवतात हे मला सहन होत नाही, आणि तू पहिल्या रांगेत बसून घाम पुसतेस, उठून जात नाहीस.

मी शनिवारी येणार नाही. तुझ्या ताटात जेवायला मला भूक नाही. नागपूरच्या पाहुण्यांना सांगा, बालमैत्रिणीची प्रकृती बरी नाही. तो फोटो टेबलावरून काढायला मी सांगणार नाही. तुला काढता आला तर तू काढ.

हे पत्र मी तुमच्या आत्याच्या पत्त्यावर टाकत नाही. तुमच्या घरच्याच पत्त्यावर टाकते, श्री. कमलाकांत दर्यापूरकर यांचं नाव पाकिटावर घालून. ते आधी वाचतील. तुझ्या हातात हे पत्र पडलं असेल, तर ते त्यांनी तुला वाचू दिलं आहे, एवढं समज.

जयभीम.

ललिता शेषराव शिरसाट